डेटात नसलेली विहीर

मी या धाग्यावरची जुनी वाचक आहे, पण आजवर काही लिहिलं नाही. खरं सांगायचं तर दुपारी जेवताना इथले भुताखेतांचे अनुभव वाचायचे आणि प्रत्येकाचं कारण शोधून काढायचं — झोप अर्धवट झाली असेल, वायरिंग सैल असेल, कुणीतरी मस्करी केली असेल — हा माझा विरंगुळा. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आता आहे का, ते विचारू नका… मला खरंच सांगता येणार नाही. जे झालं तेवढं सांगते. माणसांची नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

मी परभणीत राहते. माहेर आणि सासर दोन्ही इथलंच. नवरा प्रशांत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. कॉलेज सकाळचं, त्यामुळे दुपारी तो घरी असतो. मी एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी घरूनच काम करते. माझं काम काय ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं सगळं माझ्या एवढं अंगावर का आलं ते कळणार नाही.

मशीनची मॅन्युअल्स, कॅटलॉग असल्या गोष्टींचा मजकूर आम्ही एक्सएमएल नावाच्या फाइलमध्ये ठेवतो. त्यात प्रत्येक माहितीला तिच्या नावाची चिठ्ठी लावलेली असते — हे नाव, हे वजन, ही सूचना. दिसायला फाइल अगदी रुक्ष. मग मी एक स्टाइलशीट लिहिते. कोणती माहिती कुठे, कोणत्या क्रमाने, कशी दाखवायची याचे नियम त्यात असतात. फाइल त्या नियमांतून काढली की पलीकडे वेब पेज तयार. घरच्या भाषेत सांगायचं तर स्टाइलशीट म्हणजे सोऱ्याची चकती. शेव जाड पडेल की बारीक, ते चकती ठरवते. पण सोऱ्यात पीठच नसेल तर कितीही दाबा, शेव पडत नाही. जे डेटात नाही ते पेजवर येत नाही. इतकी वर्षं हे काम करतेय, कधी आलेलं नाही.

गोष्ट गेल्या दिवाळीनंतरची. ताडकळसच्या पुढे एका गावात काही शेतकऱ्यांनी मिळून पाण्याचं काम हाती घेतलंय. त्यात गावच्या सगळ्या विहिरींची नोंद करायची ठरली — कुणाची, किती खोल, पाणी किती, कठडा आहे की नाही. गटाचे प्रमुख दत्तराव. पन्नाशीचे, सोयाबीन-तुरीची शेती, बोलायला मोकळे. प्रशांतच्या एका मित्रामुळे त्यांची ओळख झाली आणि या सगळ्याची वेबसाइट मी हौसेने करून देते म्हणाले. त्यांची माणसं विहिरीपाशी उभी राहून मोबाइलच्या ॲपमध्ये माहिती भरायची, ॲपमधून मला एक्सएमएल फाइल मिळायची. एका विहिरीचं एक पेज, आणि वर सगळ्या विहिरींची यादी असलेलं एक मुख्य पेज. साधं काम होतं.

त्या दिवशी शेवटची फाइल आली होती. सकाळी स्टाइलशीटवर हात फिरवला, जेवण झाल्यावर सगळं एकदा चालवून बघितलं. यादी उघडली. विहिरी ओळीने आल्या होत्या, प्रत्येकीला अनुक्रमांक, खाली एकूण संख्या. खाली खाली जात होते आणि मधेच थांबले.

एका ओळीला अनुक्रमांक नव्हता.

अनुक्रमांक मी हाताने टाकत नाही, स्टाइलशीट आपोआप टाकते. एकालाच नाही असं होऊच शकत नाही. मी त्या ओळीवर क्लिक केलं. पेज उघडलं. बाकीच्यांसारखंच… तोच रंग, तेच रकाने. फक्त भरलेली माहिती अशी होती:

मालक – ठाव न्हाई.
खोली – लय.
पाणी – गुडघ्याइतकं.
कठडा – न्हाई.
जागा – गायरानातली जुनी वाट, करंजापाशी.
शेरा – आत माणूस हाय.

आधी मला हसू आलं, मग राग आला. वाटलं, माहिती भरणाऱ्यांपैकी कुणीतरी टवाळी केलीय. नोंद काढून टाकावी म्हणून मी मूळ फाइल उघडली आणि ‘माणूस’ शब्द शोधला. एकदाही नाही. ‘करंज’ शोधला. नाही. ‘गायरान’… नाही. फाइलमधल्या नोंदी मोजल्या. मुख्य पेजवर खाली जी एकूण संख्या आली होती तेवढ्याच भरल्या. म्हणजे स्टाइलशीटने मोजल्या तेव्हाही ही विहीर मोजली नव्हती. तरी यादीत ती होती.

मग माझ्या लक्षात आलं की ‘ठाव न्हाई’ हे आलंच कुठून? मालकाचा रकाना रिकामा असेल तर ‘माहिती नाही’ असं लिहायचं, हा नियम मीच स्टाइलशीटमध्ये लिहिलाय. ‘ठाव न्हाई’ हे शब्द ना डेटात होते, ना माझ्या नियमांत.

 प्रशांतला हाक मारली. त्याने शांतपणे बघितलं आणि जुनं पेज अडकून बसलं असेल म्हणाला. बरोबर होतं, मलाही तेच वाटायचं होतं. तयार झालेलं सगळं मी एका वेगळ्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवलं, मूळ जागा पूर्ण रिकामी केली आणि त्याच्या लॅपटॉपवर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून, तीच फाइल पुन्हा चालवली.

ती ओळ पुन्हा आली. अनुक्रमांक नाही. पेज उघडलं. सगळं तसंच होतं, फक्त शेरा वाढला होता.

‘आत माणूस हाय. घसा बसलाय.’

प्रशांत माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता.   मी फोन घेतला आणि दत्तरावांना लावला.

काय सांगणार होते? मी एवढंच विचारलं की गायरानात, करंजाच्या झाडाजवळ एखादी विहीर नोंदवायची राहिलीय का. ते हसले. गायरानात नुसत्या बाभळी आहेत, तिकडे हीर कुठली, म्हणाले. मी म्हटलं, जुनी वाट आहे का तिथे? हो म्हणाले. वाट होती, पूर्वी फाट्याकडे त्याच वाटेने जायचे, रस्ता झाल्यापासून कुणी जात नाही. मग म्हणाले की त्यांचे वडील तिकडे एक बुजलेली हीर आहे असं सांगायचे, निजामाच्या काळातली, पण त्यांनी स्वतः कधी बघितली नव्हती.

मी म्हणाले, “दत्तराव, आत्ता जाऊन बघता का? आत कुणीतरी पडलंय असं मला कळलंय.”

“कोण सांगितलं?”

“ते नंतर सांगते. आधी जा.”

 गावात कुणी हरवलेलं नाही, सगळे जागच्या जागी आहेत, असं पुटपुटत त्यांनी फोन ठेवला.

त्यांचा फोन परत येईपर्यंतचा वेळ कसा गेला ते मला आठवत नाही. प्रशांत सारखा उठून पाणी पीत होता. फोन वाजला तेव्हा पलीकडे आधी फक्त धाप ऐकू आली.

“ताई, हीर हाय.” मग श्वास घेऊन ते म्हणाले, “माणूस बी हाय. आमचा मारोती हाय.”

मारोती म्हणजे दत्तरावांचा चुलतभाऊ. तो हरवलाय हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. तो ऊसतोडीला जाणार होता. दरवर्षी बायको सुनीता बरोबर जायची, यंदा मुलगी दहावीला म्हणून ती घरी थांबली. आदल्या दिवशी पहाटे फाट्यावरून कारखान्याच्या टोळीचा ट्रक निघणार होता. मारोती बोचकं घेऊन घरातून निघाला, उशीर झाला म्हणून गायरानातली जुनी वाट धरली. पावसाळ्यात तिथे कमरेइतकं गवत माजलेलं, विहिरीच्या तोंडावर वेलींची जाळी. तो सरळ आत गेला. ट्रकवाल्यांना वाटलं, हा मागच्या ट्रकने येईल. मागच्या ट्रकवाल्यांना वाटलं, हा पुढे गेला. सुनीताला वाटलं, तो कारखान्यावर पोचला, फोनचं चार्जिंग संपलं असेल. त्याला कुणीही शोधत नव्हतं. अजून कितीतरी दिवस शोधलं नसतं.

घरी बसवेना. आम्ही मोटारसायकल काढली. पोचलो तेव्हा गायरानात निम्मं गाव जमलं होतं. बाजेला चारी बाजूंनी दोर बांधून ती आत सोडली होती. तिच्याबरोबर उतरलेला माणूस खालून ओरडून सांगत होता आणि वरचे हळूहळू ओढत होते. दगडी बांधणीची विहीर, तोंड रुंद, कठडा नाही. आणि कडेला एक जुनं करंज. 

मारोती वर आला तेव्हा शुद्धीवर होता. पाय मांडीत मोडलेला, ओठ पांढरे पडलेले. सुनीता बाजेच्या बाजूने पळत होती. तो तिला काहीतरी सांगायला बघत होता, पण त्याच्या घशातून नुसती हवा येत होती. घसा पार बसला होता.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर दत्तराव माझ्याकडे आले. कुणी सांगितलं, हाच प्रश्न. मी मोबाइलवर काढलेला पेजचा फोटो दाखवला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि तिथेच गवतात खाली बसले. जमलेल्या लोकांत एव्हाना ठरून गेलं होतं की परभणीच्या ताईला सॅटेलाइटमधून दिसलं. एक म्हातारे गृहस्थ तर सॅटेलाइटला विहिरीच्या आतलंही दिसतं हे बाकीच्यांना समजावून सांगत होते. मी कुणाला काही बोलले नाही. त्यांचं उत्तर माझ्या उत्तरापेक्षा बरं होतं.

घरी येऊन मी तीच फाइल परत चालवली. ती ओळ आली नाही. सगळे अनुक्रमांक नीट, बाकी विहिरी जागच्या जागी. पुन्हा चालवली. नाही. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेलं पेज मात्र तसंच होतं, आजही आहे. ऑफिसमधल्या एका जाणकार मैत्रिणीला मी सगळं पाठवलं, गोष्ट न सांगता. हे पेज या डेटातून आणि या स्टाइलशीटमधून तयार होऊच शकत नाही, तू हाताने लिहिलंयस, असं तिने ठामपणे कळवलं. प्रशांतने हॅकिंगची शक्यता काढली. पण हॅक करणाऱ्याला तरी गायरानातला मारोती कुठून माहीत असणार? आणि माहीत असेल तर तो सरळ फोन नाही का करणार?

इथपर्यंतच असतं तर मी कदाचित हे लिहिलंही नसतं. एक न सुटलेला बग म्हणून सोडून दिलं असतं.

मारोतीच्या पायाचं ऑपरेशन झालं. तो थोडा सावरल्यावर दत्तरावांचा निरोप आला की त्याला मला भेटायचंय. एका रविवारी सकाळी मी आणि प्रशांत दवाखान्यात गेलो. सुनीता कॉटशेजारी स्टुलावर मोसंबी सोलत होती, दत्तराव पायथ्याशी उभे होते. मारोती पस्तिशी-चाळिशीचा, काटक, डोळे शांत. मी नमस्कार केला, कसं वाटतंय विचारलं. माझा आवाज ऐकताच त्याने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढचं बोलायची थांबले.

मग त्याने सांगितलं. आवाज अजून घोगराच होता. पहिल्या दिवशी तो दिवसभर ओरडला. दुसऱ्या दिवशी ऊन थेट आत आलं, म्हणजे मध्यान्ह झाली असावी, तेव्हा त्याच्याने ओरडणं होईना. आणि त्या वेळी वरून कुणीतरी बोललं.

“कोणतरी इचारायलं होतं,” तो म्हणाला. “मालक कोण? म्या म्हणलं, ठाव न्हाई. मग म्हणलं, खोली? म्या म्हणलं, लय हाय, दोर टाका. त्येवर काहीच न्हाई. मग म्हणलं, पाणी?”

त्याला वाटलं, विहिरी नोंदवणारी माणसं आलीत. बाईचा आवाज होता, घाई नसलेला, वाचून दाखवल्यासारखा. त्याने वर बघितलं तर आभाळाचा गोल तुकडा आणि करंजाची फांदी. कुणाचं डोकं दिसत नव्हतं. त्याने विनवण्या केल्या, मग शिव्याही दिल्या. वरून फक्त पुढचा प्रश्न यायचा. कठडा? जागा? शेवटी म्हणे, शेरा? शेरा म्हणजे काय ते त्याला कळेना.

“म्या म्हणलं, आत माणूस हाय म्हणून लिव्हा.”

मग बराच वेळ काही नाही. तो रडला म्हणाला. आणि नंतर पुन्हा तोच आवाज… आणखी काही? तेव्हा त्याला एवढंच बोलता आलं की घसा बसलाय.

प्रशांतने मधेच विचारलं की गटाच्या कुणी बायका त्या दिवशी तिकडे गेल्या होत्या का. दत्तराव म्हणाले, गटात बाई नाही, आणि काम तर दोन दिवस आधीच संपलेलं होतं.

मला मात्र दुसरंच काहीतरी जाणवत होतं. मालक, खोली, पाणी, कठडा, जागा, शेरा. ॲपमध्ये हा क्रम नाही. ॲप आधी जागा विचारतं, मग गट नंबर, मालक शेवटी. माहिती भरणाऱ्या प्रत्येकाने त्याच क्रमाने भरलीय. वाचणाऱ्याला सोयीचं पडावं म्हणून मालक आधी आणि जागा शेवटाकडे, हा बदल मी स्टाइलशीटमध्ये केला होता. त्याच दिवशी सकाळी. तो क्रम तेव्हा जगात फक्त माझ्या एका फाइलमध्ये होता.

मी उठले. काळजी घ्या म्हटलं, काही लागलं तर कळवा म्हटलं, असंच काहीतरी. मारोतीने माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं. त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती.

“ताई, म्या दोर टाका म्हणलं तवा तुमी काहीच कसं बोलल्या न्हाई?”

 सुनीताने त्याला दटावलं, की ताई तेव्हा परभणीला घरी होत्या, त्यांच्यामुळेच तू वाचलास, काहीही काय बोलतोस. तो लगेच हो हो म्हणाला. पण ते नुसतं तिला बरं वाटावं म्हणून होतं.  मी हात जोडले आणि बाहेर आले.

बाहेर पार्किंगमध्ये प्रशांतने गाडीला किल्ली लावली, पण सुरू केली नाही. मी काय झालं विचारलं.  तो म्हणाला की त्याला एक गोष्ट सांगायची होती, पण घाबरशील म्हणून सांगितली नाही. त्या दुपारी जेवण झाल्यावर तो स्वयंपाकघरात ताटं ठेवत होता, तेव्हा त्याला माझ्या खोलीतून माझा आवाज येत होता. मी मोठ्याने वाचत होते. मालक कोण, खोली, पाणी…

“प्रत्येक शब्दानंतर तू थांबत होतीस,” तो म्हणाला. “मला वाटलं, फोनवर कुणाचं तरी ऐकून लिहून घेतेयस.”

मी काही वाचल्याचं मला आठवत नाही. मला आठवतं ते असं, की मी बसले, फाइल चालवली, यादी उघडली. मी घरी आल्यावर फोन तपासला. त्या दुपारी दत्तरावांना लावेपर्यंत मी कुणालाही फोन केलेला नाही, मला कुणाचाही आलेला नाही.

मारोती आता काठी घेऊन चालतो. त्या विहिरीला लोकांनी कठडा बांधला. माझं काम चालू आहे. हात पूर्वीसारखे भरभर चालत नाहीत, आणि दुपारी एकटी असले तर मी फाइल चालवत नाही. इथे कुणाला यातलं काही उलगडत असेल तर जरूर लिहा, मी सगळं वाचेन. प्रशांतने आणि मी पुष्कळ डोकं लावलं, हाती काही लागलं नाही. त्या दुपारी मी घराबाहेर पडले नव्हते, एवढं नक्की. याच्यापुढे मला खात्रीने काहीच सांगता येत नाही.